हाताची बुटी

चादर पलंगावर अंथरली तेव्हा ते तिघांनाही दिसलं. डाव्या काठापाशी बुट्यांची ओळ ठसठशीत सुरू होत होती आणि उजव्या काठाकडे जाता जाता बारीक होत होती. शेवटची बुटी पहिलीच्या निम्मी भरली असती.

"सूत आटलंय," पद्मजा म्हणाली.

सोलापुरात कापडाचं काहीही बिघडलं की पहिला आळ सुतावर येतो. गोवर्धन चिलकानेही तो घेऊन पाहिला होता. अक्कलकोट रोडवरच्या त्याच्या कारखान्यात लागोपाठ दोन लॉटमध्ये हाच दोष निघाला, तेव्हा त्याने सुताचा व्यापारी बदलला. मग मागाच्या उजव्या बाजूचा ताण कमी करून घेतला. मग विणकरांच्या पाळ्याही बदलून पाहिल्या. बुट्या बारीक होतच राहिल्या. शेवटी आदल्या दिवशी त्याने डिझाईनची फाईल उघडली आणि पडद्यावर पट्टी धरून मोजलं. दोष कापडात नव्हताच, फाईलमध्येच होता.

"फाईल कशी आटेल गोवर्धन?" अंबादास म्हणाले.

"म्हणूनच आलोय ना मामा. तुमचं मशीन म्हातारं झालंय."

"म्हातारं झालंय तर सगळीकडून व्हायला पाहिजे. नुसतं उजवीकडून कसं होईल?"

"माझ्या बापाचं झालं होतं की. डावा कान ठणठणीत, उजवा ठार बहिरा."

स्वयंपाकघरातून पद्मजाची अम्मा हसल्याचं ऐकू आलं. अंबादास हसले नाहीत. ते चादरीच्या उजव्या काठावरून बोट फिरवत बसले.

अंबादास बोल्लींची बुटी सबंध शहरात 'हाताची बुटी' म्हणून ओळखली जायची. बाकीचे डिझायनर एक बुटी काढत आणि तिच्या नकला ओळीने मांडत. अंबादास त्याला ठसे मारणं म्हणत. ते ओळीतली प्रत्येक बुटी नव्याने काढत, त्यामुळे त्यांच्या बुट्या सख्ख्या बहिणींसारख्या दिसत. एकीवरून दुसरी ओळखू यावी, पण दोघी एकच नव्हेत. परदेशातली गिऱ्हाइकं नेमकी त्यासाठीच गोवर्धनकडे येत. एकेक बुटी ते पडद्यावर मोठी करून काढत. सगळी ओळ एका नजरेत बघायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

घरातल्या वर्कस्टेशनची देखभाल मुलीकडे होती. पद्मजा इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस्सी. करून शहरातल्या कारखान्यांच्या मागांचे कंट्रोल बोर्ड सांभाळायची. वडिलांच्या वर्कस्टेशनवर 'मांडणी' नावाची ऑपरेटिंग सिस्टिम होती, आणि दिवाळीनंतर कंपनी तिच्या सुरक्षेची जबाबदारी सोडून देणार होती. बाकी जगाने केव्हाच 'ओघ' घेतली होती.

दोन्हींतला फरक पद्मजाने वडिलांना पूर्वीही समजावला होता. मांडणी आज्ञाधारक होती. पेन टेकलं तिथे ठिपका, पेन वळलं तशी रेघ. पण पेन हलणं आणि पडद्यावर रेघ उमटणं यांच्यात एक बारीकसा उशीर राहायचा, आणि यंत्र कितीही वेगवान केलं तरी तो पुरता मिटत नव्हता. ओघ बनवणाऱ्यांनी प्रश्नच उलटा केला. हात हलल्यावर रेघ काढण्याऐवजी हात कुठे निघालाय याचा अंदाज घ्यायचा आणि रेघ आधीच काढायची. माणसाच्या हालचाली वाटतात त्यापेक्षा पुष्कळ ठरावीक असतात. रेघेची सुरुवात, पेनाचा वेग, दाब आणि त्या माणसाचं आधीचं काम एवढं माहीत असलं, की पुढचं वळण बहुतेक वेळा बरोबर सांगता येतं. अंदाज अचूक येऊ लागल्यावर पुढची पायरी आपोआपच आली. हात आणि अंदाज यांत तफावत पडली, तर ओघ अंदाजाच्या बाजूने कौल द्यायची. लोकांना ते मनापासून आवडलं. खड्ड्यांतून जाणाऱ्या रिक्षात बसून लिहिलेला मजकूर सुबक उमटू लागला. फोनमधून ओघ गाड्यांच्या हँडलांत गेली, कारखान्यांतल्या यंत्रांत गेली, आणि माणसांच्या हातून चुका होईनाशा झाल्या.

"म्हणजे ती माझ्या आधी काढणार," अंबादास तेव्हा म्हणाले होते. "मग मी काय करू? चहा पिऊ?"

पण आता गोवर्धनची तिसरी ऑर्डर डोक्यावर होती. अंबादास चादरीची घडी घालत म्हणाले, "टाक बाई ती तुझी ओघ."

ओघ सुरू होताच तिने जुनं काम मागितलं. ते दाखवलं तर पहिल्या दिवसापासून हात ओळखता येईल, असं पडद्यावर आलं. पद्मजाने बारा वर्षांतल्या सगळ्या फायली तिच्यापुढे ठेवल्या. मांडणीची डिस्क न पुसता नुसती काढून ठेवली.

पहिलीच ओळ या काठापासून त्या काठापर्यंत सारखी आली. अंबादासांनी ती पडद्यावर पुरती पसरून बघितली, चष्मा काढून बघितली, मग पद्मजाला हाक मारली.

"बघ. मशीनच होतं."

त्या आठवड्यात ते कामाला बसले की उठायचं नाव घेत नव्हते. मधेच गुणगुणायचे, चहात साखर जास्त मागायचे. एक नवी मोराची बुटी त्यांनी अशी काढली की गोवर्धनने फोनवरूनच दाद दिली.

"दहा वर्षांनी लहान झालेत हे," अम्मा म्हणाली. "आता माझंही काहीतरी बदलून दे बाई. गुडघ्यांची सिस्टिम मिळते का बघ."

पद्मजाला मात्र एक गोष्ट स्वस्थ बसू देईना. पेन तेच होतं. पेनाखालची पाटीही तीच. पाटी उजवीकडे बिघडली असती, तर ती ओघमध्येही बिघडलेलीच असायला हवी होती. मग दोष मांडणीत असणार. पण आज्ञाधारक सिस्टिमला फक्त उजवीकडे, आणि तेही हळूहळू, बिघडायचं कारण काय? याचं उत्तर मिळाल्याशिवाय तिला जुनी डिस्क टाकवेना.

एका दुपारी अंबादास बाजारात गेले होते तेव्हा तिने ती डिस्क जोडली आणि मांडणीवर स्वतः एक ओळ काढली. तिला चित्रकला कधीच आली नव्हती. बुट्या बटाट्यांसारख्या आल्या, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे बटाटे एकाच मापाचे होते. आपण भराभर काढल्या म्हणून असेल, असं वाटून तिने अम्माला बोलावलं. अम्मा पिठाचे हात पदराला पुसत आली.

"मला काय येतंय त्यातलं?"

"नुसती पानं-फुलं काढ. रांगोळीच्या काठासारखी. सावकाश."

अम्माने जीभ दातांत धरून ओळ पूर्ण केली. ओळ थोडी वर चढली होती, फुलं वेडीवाकडी होती, पण शेवटचं फूल पहिल्याएवढंच होतं.

"बरं आलंय का गं?"

"छान आलंय, अम्मा."

सूत केव्हाच सुटलं होतं. आता यंत्रही सुटलं. उरला तो हात. आणि एकदा हाताकडे लक्ष गेल्यावर पद्मजाला बाकीचंही दिसायला लागलं. चालताना वडिलांचा, तिच्या नायनांचा, उजवा हात हलेनासा झाला होता. शर्टाची बटणं लावायला त्यांना वेळ लागत होता. आवाज बारीक झाला होता आणि घरातले सगळे 'टीव्ही कमी कर' म्हणून मोकळे होत होते.

ती होटगी रोडवरच्या डॉक्टर नसरीन पीरजाद्यांकडे गेली. मेंदूच्या आजारांच्या डॉक्टर होत्या त्या. त्यांनी चादरीचा फोटो बराच वेळ बघितला.

"तपासल्याशिवाय मी नाव घेणार नाही," त्या म्हणाल्या. "पण अक्षर असं आटत जाणं हे पार्किन्सनचं फार जुनं लक्षण आहे. हालचालीचं माप ठरवायला मेंदूत डोपामिन नावाचं एक द्रव्य लागतं. ते कमी पडलं की हात आखूड हालचाल करतो, आणि माणसाला वाटतं आपण पूर्ण केली. ओळीची सुरुवात बरी होते, पुढे पुढे माप उतरतं. कुणी दाखवल्याशिवाय त्याला ते कळत नाही."

"एवढ्या दिवसांत आम्हालाही कळलं नाही."

"पूर्वी बँकवाले सांगायचे. सही जुळली नाही म्हणून चेक परत यायचा आणि माणूस चिडून कुणाकडे तरी जायचा. आता सही राहिलीच कुठे? फोन, स्कूटर, सगळी मिळून त्याचा आजार झाकत राहतात. तेही कुणाचं वाईट चिंतून नाही, मदत म्हणून. माझ्याकडे पेशंट येतो तो पडून हात मोडल्यावर. तुमचं नशीब की त्यांच्याकडे जुनी सिस्टिम होती."

"आता ओघ आहे," पद्मजा म्हणाली. "मीच टाकली. ते सध्या फार खूश आहेत हो."

"असणारच," डॉक्टर म्हणाल्या. "औषध आहे. आजार बरा होत नाही, पण हात बराच मोकळा होतो. किती द्यायचं ते मात्र हात बघून ठरवावं लागतं. त्यांचा खरा हात. घेऊन या त्यांना."

पद्मजाने ठरवलं, दसरा होऊ दे. दसरा झाला. मग ठरवलं, गोवर्धनची ऑर्डर जाऊ दे. रोज कामावरून आली की ती दारातून वडिलांची पाठ बघायची. पडद्यावर सारख्या मापाच्या बुट्या उमटत असायच्या आणि तिच्या तोंडचे शब्द मागे जायचे.

तिला सांगावं लागलं ते एका शिंकेमुळे.

"आज गंमतच झाली," अंबादास जेवताना म्हणाले. "पाकळी काढत होतो आणि शिंक आली. पेन गेलं टेबलाखाली. वर बघतोय तर पाकळी पूर्ण."

"चांगलंय की," अम्मा म्हणाली. "आता नुसतं शिंकत जावा."

ते हसले नाहीत. "पाकळी बरोबर होती. मी काढली असती अगदी तशीच. तेच मला खटकलं. पद्मा, कोण काढायलंय हे?"

पद्मजाने गेल्या कित्येक दिवसांत मनाशी जुळवलेली वाक्यं होती. त्यातलं एकही आठवलं नाही. "तुमचाच हात आहे, नायना," ती म्हणाली. "पण जुना. मी दिलेल्या फायलींमधला." आणि मग अम्माची ओळ, डॉक्टर, आजाराचं नाव, सगळं तिने एका दमात सांगून टाकलं. अम्माने हातातली पळी भांड्यात ठेवली आणि पदराचं टोक तोंडाशी धरलं.

अंबादासांनी ताटातला भात संपवला. हात धुतले. "जुनी जोड," म्हणाले.

मांडणीवर त्यांनी एक ओळ काढली, नेहमीसारखी, एकेक बुटी मोठी करून. ओळ संपल्यावर ती पूर्ण पसरून बघितली. उजव्या काठाकडे ती आटत गेली होती.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"दसऱ्याच्या आधीपासून."

"सूत आटलं म्हणालीस, तेव्हा?"

"नाही. तेव्हा मला खरंच सूतच वाटलं होतं."

"मग ठीक आहे." त्यांनी पेन ठेवलं. "नाही, ठीक नाही. दसऱ्याला मला सोनं दिलंस, पाया पडलीस, आणि हे सांगितलं नाहीस."

"तुम्ही खूश होता."

"खूश होतो कारण ते काम माझं आहे असं वाटत होतं मला."

पद्मजाने पडदा बंद केला. दुसऱ्या दिवशी ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली तेव्हा ते रिक्षात तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली आणि मग कोऱ्या कागदावर नाव पुन्हा पुन्हा लिहायला सांगितलं. चौथ्या-पाचव्या वेळेला 'अंबादास' मुंगीएवढा झाला. मग डॉक्टरांनी रेघा आखलेला कागद पुढे केला. त्या रेघांमध्ये नाव शेवटपर्यंत पूर्ण मापाचं आलं.

"हे कसं?" अंबादासांनी विचारलं.

"माप मेंदूने आतून काढायचं असतं, ते त्याला जड जातंय. डोळ्यांनी बाहेरून माप दिलं की हालचाल दुसऱ्या वाटेने होते. ती वाट तुमची अजून चांगली आहे."

परतताना रिक्षा सात रस्ता चौकात थांबली तेव्हा ते एकदम म्हणाले, "मांडणीत आलेखाच्या चौकटी दाखवायची सोय होती ना?"

"आहे. कुणी वापरत नाही. ओघमध्ये तर ती काढूनच टाकलीय. गरज काय, म्हणून."

"आम्ही शिकलो तेच आलेखाच्या कागदावर. एक चौकट म्हणजे एक धागा. भरली तर धागा वर, कोरी तर खाली. चौकटीबाहेर गेलं की मास्तर पट्टी मारायचा." ते थोडे थांबले. "मेला बिचारा."

म्हणजे ते बोलायला लागले होते. पण निवड अजून व्हायची होती, आणि आता गंमत अशी की पद्मजाच ओघच्या बाजूने भांडत होती. मांडणीची सुरक्षा संपत आली होती. ती ठेवायची तर वर्कस्टेशनचं इंटरनेट कायमचं तोडावं लागणार, आणि प्रत्येक फाईल कुणीतरी उचलून कारखान्यात नेऊन द्यावी लागणार. तिने ओघच्या कंपनीला विचारून पाहिलं होतं की ही मदत बंद करता येते का, निदान दिसेल अशी तरी ठेवता येते का. मदत हा वेगळा भाग नाही, असं उत्तर आलं. पायाच तो आहे. काढला तर काही उरणार नाही.

"ओघवर तुम्ही अजून कितीतरी वर्षं काम करू शकता, नायना. बाजारात कुणाला कळणारही नाही."

"ओघवर मी मेल्यावरही काम करीन."

"मेल्यावर तरी घरात बसा जरा," अम्मा म्हणाली, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा ते हसले. हसून झाल्यावर म्हणाले, "डॉक्टरला माझा हात बघायचाय. मलापण बघायचाय. तो कुठपर्यंत आलाय ते मलाच दिसणार नसलं, तर मग गोळी कुणाला लागू पडली, मला का मशीनला?"

"आणि गोवर्धनला काय सांगायचं?"

"ते मी सांगतो."

गोवर्धन आला तो मोराच्या बुटीची आणखी मोठी ऑर्डर घेऊन. अंबादासांनी त्याला बसायला लावलं, अम्माने चहा दिला, आणि त्याने पहिला घोट घ्यायच्या आत त्यांनी सांगितलं, "पार्किन्सन झालाय मला. चादर आटत होती ती माझ्या हाताने. तुझं सूत चांगलं होतं. त्या व्यापाऱ्याला परत बोलव."

गोवर्धनने कप खाली ठेवला. त्याला काय बोलावं सुचेना, आणि काही सुचलं नाही की तो धंद्याचं बोलायचा.

"मामा, हल्ली तसंच चालतं बघा. लहान लहान होत जाणारी बुटी. फॅशन म्हणून काढू. तुमचं नाव लावू."

"आजार विकायला काढू का?"

"तसं नव्हे." तो ओशाळला. मग खुर्चीत जरा पुढे सरकला. "बरं, मग ओघवर काय वाईट आहे? मोर तर तिच्यावरच काढला ना तुम्ही? तुम्ही आराम करा. तिच्यात तुमचा हात आहेच. ती तेवढी माझ्याकडे दिली तर माझी पोरं..." बोलता बोलता त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. तो थांबला.

पद्मजाने वडिलांकडे पाहिलं. हा प्रश्न कधीतरी येणार हे तिला माहीत होतं. त्याचं उत्तर तिने विचारलं नव्हतं.

"गोवर्धन, तुझा राग नाही आला मला," अंबादास म्हणाले. "मीपण चार दिवस तोच विचार केला. घरबसल्या मिळतंय, घ्यावं. पण तो मोर मला माझा वाटत नाही. विकला तू, माझी हरकत नाही. पुढे नको." ते मुलीकडे वळले. "पद्मा, पूस ती."

"सगळी?"

"माझ्या फायली ठेव. तिने जे शिकून घेतलंय ते पूस."

पद्मजाने ते तिघांच्या समोर केलं. पडद्यावर ओघने दोनदा विचारलं, खात्री आहे का. तिसऱ्यांदा विचारलं नाही. मग पद्मजाने वर्कस्टेशनची इंटरनेटची तार काढली आणि गुंडाळून बाजूला ठेवली. फाईल टाकायचा कारखाना तिच्या रोजच्या वाटेवर नव्हता. थोडं लवकर निघावं लागणार होतं.

गोवर्धनने थंड झालेला चहा संपवला. "ही ऑर्डर मग दुसरीकडे द्यावी लागेल मामा. तारीख ठरलीय."

"दे की. मी कुठे अडवलंय? घाई नसलेलं काही असलं तर माझ्याकडे आण."

गोवर्धन दारापर्यंत गेला आणि चपला घालता घालता थांबला. "एक आहे. माझ्या मुलीच्या लग्नातली चादर. पूर्ण हाताची पाहिजे."

"लग्न कधी?"

"ठरायचंय अजून."

"मुलगी काय करते?"

"नववीत आहे."

अम्मा तोंडाला पदर लावून आत गेली. अंबादास गोवर्धनकडे बघत राहिले. "मग जमेल," म्हणाले. "पण मुलीला विचारून घे, तिला कुठली बुटी पाहिजे. आणि आधी शिकू दे तिला."

तो गेल्यावर पद्मजाने मांडणी सुरू केली. तिला सुरू व्हायला वेळ लागायचा. अंबादासांनी तेवढ्यात सकाळची गोळी घेतली, खुर्ची सरकवली आणि पडद्यावर आलेख आणायला सांगितलं. फिक्या निळ्या चौकटी उमटल्या. ते चौकटी मोजून बुटीची उंची धरत, ओठ हलवत, एकेक रेघ काढू लागले. काम फार सावकाश चाललं होतं. पद्मजा मागे उभी राहिली.

ओळीतल्या पुष्कळ बुट्या मापात आल्या. उजव्या काठापाशी शेवटच्या दोन किंचित उतरल्या होत्या. पद्मजाच्या ते लगेच लक्षात आलं आणि ती बोलणार होती.

अंबादासांनी ओळ पूर्ण पसरली. मान मागे घेऊन डावीकडून उजवीकडे बघत गेले, शेवटाशी थांबले. मग त्या दोन बुट्या त्यांनी पुसल्या आणि पुन्हा काढायला घेतल्या.